मुकादम सरांचा राखीव डोळा

मुकादम सरांच्या दवाखान्याची पाटी गेल्या महिन्यात उतरवली. त्या जागेत आता मोबाइलच्या काचा आणि कव्हरं विकणारा एक तरुण बसतो. पाटी हातात घेऊन तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला पाहिजे का? नाहीतर भंगारात जाईल." मी म्हणाले, नको. माझा दवाखाना दोन खोल्यांचा, त्यात दुसऱ्याची पाटी ठेवू कुठे? दुपारी डबा उघडला आणि तसाच ठेवून बाहेर आले, तर भंगारवाला येऊन गेलेला. मी अशीच आहे. आधी फटकन बोलते आणि मग चुटपुटत बसते.

सर कुवेतला मुलाकडे गेले आणि तिकडचेच झाले. ते वारल्याची बातमी फोनवर आली. इथे पनवेलमध्ये त्यांच्यासाठी काय करावं हे कुणाला सुचलं नाही. त्यांचे विद्यार्थी गावोगाव पांगलेले, आणि ते सगळे जिथे भेटायचे ती जागा सरांनी स्वतःच्या हाताने बंद केलेली. म्हणून हे मी लिहिते आहे. खरं तर मला डोळ्यांतलं काही कळत नाही. मी दातांची डॉक्टर.

जुन्या पनवेलात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची इमारत. पहिल्या मजल्यावर जिन्याच्या एका अंगाला माझा दवाखाना, दुसऱ्या अंगाला सरांचा, आणि मध्ये दोघांत मिळून एकच बाक. त्यामुळे दाढ धरून आलेला माणूस सरांच्या खुर्चीत आणि डोळा धरून आलेली बाई माझ्या खुर्चीत, हे नेहमीचंच. सर अशा माणसालाही रिकामा पाठवत नसत. आधी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारत आणि मग माझ्याकडे ढकलत.

तो टॉर्च त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात कायम असायचा. बाजारात मासळी घेताना मासळीवालीच्या डोळ्यात, तिकीट देताना कंडक्टरच्या डोळ्यात, कुठेही. माणूस उंच, जरासा वाकलेला, बोलणं मऊ, त्यामुळे लोक खपवून घेत. चेहरे त्यांच्या अजिबात लक्षात राहत नसत. माझ्या नवऱ्याची मी त्यांच्याशी किती वेळा ओळख करून दिली असेल! शेवटी एकदा त्यांनी वैतागून टॉर्च काढला, नवऱ्याचे दोन्ही डोळे पाहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर तुमचे मिस्टर! आधी सांगायचं नाही का?"

सर मूळचे उरणकडचे. घरचा व्यापार, भाऊ आखातात, आणि घराण्यात डॉक्टर झालेला हा पहिलाच. पुढे काय शिकावं, कुठे शिकावं, कुणाला विचारावं, हे सांगणारं कुणी नव्हतं. डोळ्यांचा अभ्यासक्रम मिळाला, पण तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना कधी चाकू हातात घेऊ दिला नाही. "सगळी वर्षं मी दुसऱ्याने घातलेले टाके कापले, नीलाताई," ते मला सांगायचे. "आमच्या धंद्यात पुस्तक सगळे देतात. हात कुणी देत नाही." हात देणं म्हणजे मोठ्याने बाजूला बसून लहानाला ऑपरेशन करू देणं. सरांच्या मनातला हा सल काही गेला नाही. पुढे त्यांच्याकडून जे झालं, चांगलं आणि वाईट, ते सगळं ह्यातूनच झालं असं मला वाटतं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला एका दुपारी ते माझ्याकडे आले. "नीलाताई, तुमच्याकडे इंटरनेट आहे ना?"

"आहे. का?"

"मला एक पडवी बांधायची आहे."

मला वाटलं, गावच्या घराचं काहीतरी काम काढलंय. मग त्यांनी समजावलं. त्यांच्या गावच्या घराला पुढे मोठी पडवी होती. येणारा-जाणारा कुणीही तिथे टेकायचा, पाणी प्यायचा, दोन गोष्टी विचारायचा, घरात यायची परवानगी मागायला नको. तशी जागा त्यांना डोळ्यांचे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हवी होती. लहान गावांतून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या पोरांसाठी. आपल्या गटाचं नाव त्यांनी 'पडवी' असंच ठेवलं. ई-मेलचा गट होता तो. एकाने लिहिलं की सगळ्यांना जायचं.

सर एका बोटाने टाइप करायचे. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, आणि सगळी अक्षरं मोठी. मी म्हणाले, "सर, हे ओरडल्यासारखं वाटतं." ते म्हणाले, "लांब लांबची पोरं आहेत, ऐकू जायला पाहिजे." शेवटी मीच लिहायला बसू लागले. ते सांगायचे, मी लिहायचे. माझे पेशंट तोंडात कापूस धरून बाकावर बसलेले असत.

पडवीत यायला एकच अट होती. नव्या माणसाने नाव, कॉलेज, गुण असलं काही आधी लिहायचं नाही. आधी आपल्या हातून झालेली एक चूक लिहायची. मग नाव.

ही अट मला वेडगळ वाटली आणि मी तसं बोलले. सर म्हणाले, "मी सुरू करतो." आणि त्यांनी मला सांगितलं ते मी लिहिलं. भात झोडताना कुसळ डोळ्यात गेलेली एक बाई त्यांच्याकडे तरुणपणी आली होती. डोळा लाल, बुबुळावर पांढरा ठिपका. सरांनी सूज उतरायचे थेंब दिले. तो ठिपका बुरशीचा होता आणि त्या थेंबांनी बुरशी फोफावली. बाईचा डोळा गेला. "तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही," सरांनी लिहायला लावलं. "ती म्हणाली, डाक्टर, एक हाय ना अजून. हे वाक्य मी विसरलो नाही. तुम्ही बुरशी विसरू नका."

पुढचे काही दिवस पडवीत कुणीच काही लिहिलं नाही. मला वाटलं, संपलं. मग कुठल्याशा ग्रामीण रुग्णालयातल्या एका मुलाने आपली चूक लिहिली, दुसऱ्याने लिहिली, आणि मग लोंढा सुरू झाला. माणसं काय काय मनात दाबून बसलेली असतात! सर कुणालाही रागावत नसत. प्रत्येकाला विचारत, तेव्हा तुला काय दिसलं होतं, आणि आता मागे वळून बघताना काय दिसतं. फक्त कुणी आपले गुण किंवा परीक्षेतला नंबर लिहिला की मात्र चिडत. "नंबर चष्म्याला असतो," एवढं एकच उत्तर जायचं.

सायली अशीच आली. उरणच्या कोळीवाड्यातली मुलगी, वडील होडीवर, आई सुक्या मासळीचा धंदा करायची. तेव्हा ती डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला असेल. तिची चूक अशी, की आजीला कमी दिसू लागलं तेव्हा हिने मोतीबिंदू समजून सांगितलं, घाई नको, पिकू दे. निघाला काचबिंदू. पिकायची वाट बघेपर्यंत आजीची नजर गेली. सरांनी तिला उत्तर लिहिलं, "वाट बघायला सांगणं हेही औषधच आहे, बेटा. मोजून द्यायचं."

उरण जवळ, म्हणून सायली रविवारी पनवेलला येऊ लागली. रविवारी सरांकडे बकऱ्याच्या डोळ्यांवर हात बसवण्याचा वर्ग चाले. बाजारातला मटणवाला सकाळी स्टीलच्या डब्यात डोळे पाठवायचा. दोन-चार मुलं प्रत्यक्ष येत आणि बाकीची पडवी लांबून बघे, कारण सरांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून घेतला होता. पनवेलचं इंटरनेट तेव्हा मनात येईल तेव्हा चालायचं. सरांचा चिमटा ऐन वेळी चित्रात थिजायचा आणि गावोगावची मुलं तो थिजलेला चिमटा बघत बसायची. एका रविवारी माझा डबा आणि मटणवाल्याचा डबा बाकावर शेजारी शेजारी राहिले. मी जन्मात मटणाला हात लावलेला नाही. मी झाकण उघडलं, तर आतून सगळे माझ्याकडे बघताहेत! माझी किंकाळी ऐकून सर धावत आले, आणि मला धीर द्यायचा सोडून म्हणाले, "अहो झाकण लावा, सुकतील ते." पलीकडे त्यांनी माझी मटकीची उसळ मुलांसमोर उघडली होती. सायली त्या दिवशी इतकी हसली की जिन्यावर खाली बसली.

तिचा हात मऊ होता. हे मला सरांनी सांगितलं, मला काय कळणार? तिला डोळ्यांच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली, ती शिकून आली आणि वर्षभर सरांकडेच राहिली. तिने पहिला मोतीबिंदू काढला तेव्हा सरांनी मला मुद्दाम ऑपरेशनच्या खोलीच्या काचेबाहेर उभं केलं होतं. सायली काम करत होती आणि सर तिच्या शेजारी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते. नंतर मी विचारलं, असे का उभे होता? म्हणाले, "हात मोकळे ठेवले असते तर मी तिच्या हातातून काढून घेतलं असतं. माझा भरवसा नाही." इतका आनंदी चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही.

पडवीने काय केलं याचं एक उदाहरण सांगते. तळोज्याच्या कारखान्यातून एक कामगार सरांकडे आणला होता, डोळ्यांत रसायन उडालेलं. बरोबरचे लोक त्याचं नाव, कंपनी, विमा सांगू लागले. सरांनी त्याचं डोकं सरळ नळाखाली धरलं. "नाव नंतर. आधी पाणी. पाणी, पाणी, पाणी." आणि त्याला तसाच धरून मला ओरडून सांगितलं, "नीलाताई, हे पडवीत लिहा!" मी लिहिलं. बऱ्याच महिन्यांनी कुठल्या तरी लांबच्या तालुक्यातून एका मुलीने कळवलं, आमच्याकडे चुना उडालेलं पोर आलं, मी केसपेपरसुद्धा काढला नाही, आधी नळाखाली धरलं, डोळा वाचला. सरांनी तो निरोप माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. मी चिडले, तेव्हा म्हणाले, "शेवटचा एकदा."

मग सगळ्यांच्या हातात मोठे फोन आले आणि पडवी फोनवर गेली. आता माझी गरज उरली नव्हती. सर स्वतःच बोलून निरोप टाकायचे. माणसं भराभर वाढली. एकाने दुसऱ्याला आत घेतलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. औषधं विकणारे आले, कोण कुठले आले. मी एकदा म्हणाले, "सर, आता ती चूक लिहायची अट काढून टाका. निदान कोण येतंय ते बघा तरी. दार लावा."

"दार लावलं की ती पडवी राहत नाही, खोली होते," सर म्हणाले.

माझं म्हणणं पुढे खरं ठरलं, आणि त्याचा मला आजतागायत आनंद झालेला नाही.

सायली तेव्हा एका धर्मादाय रुग्णालयात ऑपरेशनं करत होती. एका म्हातारीचा मोतीबिंदू काढताना भिंगामागचा पातळ पडदा फाटला आणि मोतीबिंदूचा तुकडा डोळ्याच्या आत खोल पडला. सर सांगायचे की हे चांगल्या चांगल्यांच्या हातून होतं. सायलीने म्हातारीला त्याच दिवशी मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिच्याबरोबर स्वतः गेली. म्हातारीला पुढे बऱ्यापैकी दिसूही लागलं. आणि मग सायलीने, पडवीच्या रीतीप्रमाणे, सगळं लिहिलं. कुठे घाई झाली, हात कुठे सरकला, आपण थांबायला कुठे हवं होतं. काही लपवलं नाही. लपवायची सवयच सरांनी मोडली होती.

पडवीतल्या कुणीतरी त्या मजकुराचा फोटो काढला आणि बाहेर पाठवला. फिरत फिरत तो म्हातारीच्या मुलाकडे पोचला. तो माणसं घेऊन रुग्णालयात आला आणि ओपीडीत सगळ्यांसमोर, पेशंट बसलेले असताना, त्याने सायलीचे शब्द तिलाच मोठ्याने वाचून दाखवले. 'माझी घाई झाली.' 'माझा हात सरकला.' तो मुलगा वाईट होता असं मी म्हणणार नाही, आईच्या डोळ्याचा प्रश्न होता. विश्वस्तांनी सायलीला शांतपणे सांगितलं, तुम्ही काही दिवस येऊ नका. ती पुन्हा गेलीच नाही.

सरांनी पडवीत निरोप टाकला. तो मी ऐकला आहे. "ज्याने कुणी केलं असेल त्याने मला एकट्याला सांगावं. मी ओरडणार नाही. मला फक्त कळू दे, का." मग ते वाट बघत राहिले. रोज सकाळी बाकावर बसून फोन बघायचे. कुणाचा निरोप आला नाही. एवढ्या माणसांनी आपल्या एवढ्या चुका तिथे लिहिल्या होत्या, पण ही एक कुणी लिहिली नाही. एके दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "नीलाताई, हे बंद कसं करतात?" मी दाखवलं. एकेक माणूस काढावा लागतो. ते काम त्यांनी स्वतः केलं, नाव वाचून, एका बोटाने.

सायली कामोठ्यात एका चष्म्याच्या दुकानात बसू लागली. मशीनवर नंबर काढायचे, चष्मे लिहून द्यायचे. सर तिला भेटायला उरणला जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "चहा दिला तिने. म्हणाली, सर, चिमटा उचलला की ओपीडीतलं ते वाचणं ऐकू येतं. मी म्हटलं, वेळ लागेल. लागू दे वेळ." त्यानंतर ती त्यांचा फोन घेईनाशी झाली.

ह्या सगळ्यात सरांचे स्वतःचे डोळे अधू होऊ लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वयच होतं ते. डावा डोळा त्यांनी मुंबईतल्या एका जुन्या मित्राकडून करून घेतला. आठवड्याने मी विचारलं, "उजवा कधी?"

"उजवा राखीव आहे," सर म्हणाले. "तो सायलीचा."

मी हसले. मग त्यांच्याकडे बघितलं, तर ते हसत नव्हते.

त्यांचं म्हणणं असं, की सायलीला पुन्हा उभं करायला एक असा पेशंट हवा जो बिघडलं तरी तिला बोल लावणार नाही. असा पेशंट दुसरा कुठून आणणार? तिचा मनाचा हिय्या झाला की ती येईल, आणि तेव्हा तिच्यासाठी डोळा तयार असला पाहिजे. मी म्हणाले, मग तिला तसं कळवा. तर म्हणाले, नाही, अजिबात नाही. "कळवलं की ओझं होईल. ती बिचारी माझ्यासाठी म्हणून येईल. तिने आपण होऊन यायला पाहिजे. तुम्हीही सांगायचं नाही."

ह्या हट्टाची किंमत मला हळूहळू कळली. सूक्ष्मदर्शकात खोली कळायला दोन्ही डोळे लागतात. उजवा धुरकटला तसं सरांनी ऑपरेशन करणं थांबवलं. तो डोळा करून घेतला असता तर आणखी काही वर्षं सहज काम केलं असतं त्यांनी. ते नुसते तपासत राहिले. आणि डोळा पिकत गेला. आधी करडा, मग पांढुरका, मग समोरच्याला सरळ दिसेल असा. बाकावरचे पेशंट गमतीत येत. "डाक्टर, तुमच्याच डोल्यान मोतीबिंदू हाय, तुमी आमचा काय बघताव?" सर ऐटीत सांगायचे, "हा बुक झालेला आहे. माझी विद्यार्थिनी यायची आहे." अख्ख्या पनवेलला माहीत झालं. माझी खात्री होती की उरणपर्यंतही गेलं असेल, आणि ती मुद्दामच येत नसेल. मला तिचा रागही यायचा.

मग एकदा सायलीची आई दाढ काढायला माझ्याकडे आली. मी सहज विचारलं, "सरांच्या डोळ्याचं काय ठरवलंय सायलीने?"

"कंच्या डोल्याचा?"

मी सांगितलं. ती खुर्चीतून उठूनच बसली, तोंडात कापूस तसाच. "म्याडम, आमाला कोनी सांगलाच नाय! पोरगीला तं सर कटालले आसं वाटतं. फोन पन नाय करत आता, बोलतं." ती फोन घेईना तेव्हा सरांनी फोन करणं सोडलं होतं, कारण तिला ओझं नको. आणि तिला वाटत होतं, सरांनी आपल्याला सोडलं.

चार दिवसांत सायली आली. दुपारची वेळ, बाकावर चिरनेरचे एक म्हातारे आजोबा तेवढे बसलेले. मला पाहून ती थांबली, म्हणून मी तिच्याबरोबर आत गेले. सर टेबलापाशी होते. तिने नुसतं 'सर' म्हटलं, त्या आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं आणि इतके गडबडले की पेन खाली पडलं. मग काही न विचारता ते उठले आणि डोळे तपासायच्या यंत्रासमोरच्या पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसले. हनुवटी टेकवली. "बस," ते म्हणाले. त्यांची स्वतःची खुर्ची रिकामी होती.

सायली त्या खुर्चीत बसली. दिवा लावून तिने बराच वेळ पाहिलं. सर हलले नाहीत. शाळेच्या परीक्षेला बसल्यासारखे बसले होते.

"सर, हा कधी सुरू झाला?"

"पडवी बंद केली त्याच्या पुढच्या वर्षी."

"आणि तेव्हाच का नाही केला?"

"तुझ्यासाठी ठेवला."

तिने दिवा बंद केला. "मला सांगायचं तरी, सर."

"सांगितलं असतं तर तू दडपणाखाली आली असतीस, बेटा."

"आले असते!" ती एकदम मोठ्याने म्हणाली. "दडपणाखाली आले असते, रडत आले असते, पण आले असते. तेव्हा हा मऊ होता. तेव्हा मी केला असता, सर. आता हा दगड झालाय. रोज दहा करणाऱ्यालासुद्धा जड जाईल. मी इतकी वर्षं चिमट्याला हात लावला नाही. हा आता माझ्या हातचा नाही."

सरांनी हनुवटी यंत्रावरून काढली नाही. "नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मलाही तसंच वाटत होतं." हे त्यांना कधीपासून वाटत होतं हे तिने विचारलं नाही, मीही नाही. त्यांना कळत नसेल असं कसं म्हणू? आयुष्यभर त्यांनी लोकांना हेच सांगितलं होतं, की मोतीबिंदू पिकू देऊ नका.

पुढे थोड्याच दिवसांत मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. कुवेतला तो डोळा केला म्हणे, थोडंफार दिसू लागलं होतं. मी तेव्हा माहेरी गेले होते, निरोपही झाला नाही. त्यामुळे माझ्याकडे शेवटचे सर आहेत ते त्या दुपारचे.

ते तिला सोडायला जिन्यापर्यंत आले. बाकावरच्या आजोबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डाक्टर, ह्या म्याडम पन डोल्याच्या का?"

"हो," सर म्हणाले.

"मंग आपरेशन करतान?"

उजव्या बाजूचं दिसत नसल्यामुळे सरांना पूर्ण मान फिरवावी लागे. तशी मान फिरवून ते तिच्याकडे बघत राहिले.

"नाही आजोबा," सायली म्हणाली. "मी ऑपरेशन करत नाही. चष्म्याचे नंबर काढते."

"सध्या," सर म्हणाले. "सध्या करत नाही, असं सांग."

सायलीने चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली. खालच्या दारातून बाहेर पडून ती बाजारात दिसेनाशी झाली तरी सर कठड्याला धरून तिथेच उभे होते. आजोबा उठले आणि आपला नंबर आला म्हणून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते. सरांना ते दिसले नाहीत.